बकुळीच्या जागेवरचा स्तंभ

बेगम बाजारामागच्या सरकारी बागेत बकुळीचं एक झाड होतं, आणि त्या झाडावर ओव्हरसियर मुकुंदराव औरादकरांचा जीव होता. नोकरीला लागले त्या वर्षी त्यांनी ते लावलं होतं. दुष्काळात माळ्यांनी हात टेकले, तेव्हा या गृहस्थानं स्वतः घागरी वाहिल्या. "ती माझी सवतच की हो," असं त्यांच्या सरोजबाई म्हणायच्या, आणि गजरा मात्र सवतीच्याच फुलांचा माळायच्या.

सत्तेचाळीस साली इंग्रज निघाले. निजाम सरकारनं जाहीर केलं, आपली रियासत आता स्वतंत्र मुल्क! पाठोपाठ हुकूम आला, बागेच्या मधोमध आझादीचा दगडी स्तंभ बांधा. आता मधोमध काय होतं? बकुळ! खात्याचे मुहतमीम, म्हणजे सगळ्यांत वरचे साहेब, आले, बुंध्याला छडी टेकवून म्हणाले, "यहीं." मुकुंदरावांना नको म्हणायचं होतं, पण तोंडातून निघालं ते "जी हुजूर."

"अहो, सांगून तर बघा. म्हणावं, झाड नक्को तोडू," सरोजबाई म्हणाल्या.

"सांगा म्हणे! साहेबाला असं सांगतं का कुणी? तू भाकरी वाढ."

भाकरी अर्धी ठेवूनच ते उठले. पण सरकारी माणसाचा जीव अडला की त्याला कागद आठवतो. दगडावरचा मजकूर वरून मंजूर होईपर्यंत कामाला हात लावायचा नाही, हा कचेरीचा जुना रिवाज. मुकुंदरावांनी झोकदार उर्दूत अर्ज लिहिला : स्तंभावर साल कुठलं कोरावं? फसली, हिजरी की इसवी? हुकूम व्हावा.

झालं! त्या अर्जाची मिसल, म्हणजे फाईल, टेबलाटेबलांवर फिरायला लागली. एक साहेब म्हणाले फसली, कारण सगळं दफ्तर फसलीत. दुसऱ्यांनी हिजरीचा हट्ट धरला. तिसऱ्यांनी दोघांवर आणखी चौघांची राय मागवली. ज्या टेबलावर ती जायची तिथं महिना-महिना मुक्काम करायची. तिकडं बकुळ दोनदा बहरली आणि मुकुंदराव मनातल्या मनात त्या साहेब लोकांना दुवा देत राहिले.

वर्षभरानं भारताची फौज आली आणि पाच दिवसांत रियासतीचं राज्य आटोपलं. गल्लीत कुठं पेढे, कुठं दारं बंद. मुकुंदरावांना आनंद झाला, खोटं कशाला बोला. पण शेजारच्या हकीमसाहेबांच्या बंद दाराशी ते आधी जाऊन आले आणि मग पेढा खाल्ला.

थोड्याच दिवसांत खात्यात मद्रासकडचे नवे साहेब आले. तीच मिसल काखेत मारून थेट बागेत. "औरादकर, आता इथं भारताच्या स्वातंत्र्याचा स्तंभ होईल. साल ठरलंय, मजकूर ठरलाय. उद्या झाड काढा."

विचारायला काही उरलंच नव्हतं. आणि पंचाईत अशी, की हा स्तंभ मुकुंदरावांना मनापासून हवा होता! पलीकडं माळी यल्लय्या कुऱ्हाडीला धार लावायला बसला. तो आवाज ऐकला आणि मुकुंदरावांना राहवेना.

"साहेब, हे झाड मी लावलंय. मी ते तोडू देणार नाही." आता बोलणं थांबेना. "स्तंभ मलाही हवाय. पण दहा पावलं तिकडं घ्या."

साहेबांनी झाडाकडं पाहिलं, नकाशाकडं पाहिलं. "तिकडं जमीन पक्की आहे?"

"आहे, साहेब."

"बरं, तिकडं बांधा. पण काय हो, एवढी जाडजूड मिसल, आणि त्यात झाडाचं नावसुद्धा नाही. आधी का नाही सांगितलंत?"

मुकुंदराव तडक घरी आले. सरोजबाई तांदूळ निवडत होत्या.

"मी साहेबांना सांगितलं," ते म्हणाले. "तोंडावर सांगितलं, झाड तोडू देणार नाही म्हणून."

"अगंबाई! मग काय म्हणाले?"

"बरं म्हणाले."

"आणि?"

"आणि काय? बरं म्हणाले. एवढंच गं, सरोज. नुसतं बरं म्हणाले."

हसता हसता त्यांच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि ते पुसायलाही ते विसरले.