फळ्याच्या पोटातला खड्डा

मित्रांनो, तुम्ही खुशाल टेकून बसा. मला बसणं ठाऊक नाही. दोन खिळ्यांवर उभा जन्म लटकत काढला, आता ते खिळेही कुरकुरतात. मी गणित विभागातला जुना काळा फळा.

आलो तेव्हा असा गुळगुळीत होतो की माशी बसायला गेली तर घसरून फरशीवर आपटायची! हसू नका, डस्टर साक्षीला आहे. झिजून झिजून त्याच्यात आता खोटं बोलण्याचंही त्राण उरलेलं नाही.

माझ्यावर थोरले सर भोवरे काढत. पाण्यातले नव्हेत, अतिशय थंड केलेल्या धातूत चुंबकत्वाचे बारीक भोवरे उठतात, ते. त्यांची समीकरणं महाखट. मोजकीच गुणी, ज्यांचं उत्तर नेमकं लिहून दाखवता येतं. बाकीच्यांचा नुसता अंदाज. ऐन उमेदीत सरांना एकदा भर वर्गात स्वतःचीच चूक सापडली. त्यांनी डस्टर भिरकावला आणि माझ्या पोटात खड्डा पडला. तिथे खडू मोडायचा, म्हणून सर त्याला वळसा घालून भोवरे काढू लागले. तरी लांबलांबचे पाहुणे येत, माझ्यावरचं गणित बघून माना डोलावत. पुढे पांढरे फळे आले आणि माझी रवानगी मागच्या खोलीत झाली.

तिथे ताई बसायची, सरांची शेवटची विद्यार्थिनी. तिचा प्रश्न असा, की धातूत अशुद्धी, म्हणजे परक्या पदार्थाचा कण, अडकून बसली असेल, तर गुणी समीकरणाचा गुण टिकतो का? रोज लिहायची, रोज पुसायची. पुसून घेऊन मी शिणलो, लिहून ती.

"अगं, पिठात खडे टाकायचे आणि वर मऊ दळून मागायचं, कसं जमेल?" सर म्हणाले. "काढ ती अशुद्धी. या सत्रात सुटलं नाही तर विषय बदल. माझीही निवृत्ती आली."

"पण सर, खऱ्या धातूत ती असतेच ना?"

"तिथे असू दे. आपल्या समीकरणात कशाला?"

सत्राच्या शेवटच्या आठवड्यात तिने शेवटचा प्रयत्न म्हणून खडू आडवा धरून मला अख्खा रंगवला आणि भोवऱ्यांच्या जागी बोटाने खडू पुसून काळे ठिपके काढले. माझा खड्डा मात्र न पुसताच काळा राहिला. ताई पुसायची थांबली आणि खड्ड्यावर बोट ठेवून मागे उभ्या असलेल्या सरांकडे वळली.

"सर, ह्याला तुम्ही वळसा का घालता?"

"खडू मोडतो म्हणून. तो काय हलणार आहे?"

"हलत नाही, तेवढाच फरक! सर, अशुद्धी म्हणजे जागीच गोठलेला भोवरा. दुसऱ्या जातीचा, पण भोवराच. त्याला काढून टाकायचं कशाला? भोवऱ्यांतच धरायचं!"

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. "लिही."

ती वरपासून खालपर्यंत लिहीत गेली. प्रत्येक अशुद्धीला ते लागू नव्हतं. पण एका बिंदूत टोचून बसलेल्या अशुद्धीला लागू पडलं, आणि गुणी समीकरण गुणीच राहिलं. सर खड्ड्याजवळ आले. मग हळूच म्हणाले, "हा खड्डा कोणी पाडला, माहितीये?"

"अख्ख्या विभागाला माहितीये, सर."

परवा सुतारकाका माझी डागडुजी करायला आले. खड्ड्यावर बोट फिरवून म्हणाले, "पुट्टी भरतो, ताई. नवाकोरा दिसेल."

"काका, खिळे बदला, कडा घासा. तो मात्र राहू द्या. तो आमच्यातलाच आहे."

मित्रांनो, मी फार थकलोय. तुमच्याही घरात माझ्यासारखं एखादं पोचे पडलेलं खोड असेल. त्याला अडगळीत टाकण्याआधी थोडी निगा राखून बघा. आणि कधी मला पुसायला आलात, तर त्या खड्ड्यात एक हलकी फुंकर घाला. तिथे धूळ साचते. आणि खरं सांगू? तेवढी जागा अजून दुखते.