मागचा आल्याशिवाय

मी एक जुनी व्हिडिओ गेमची कॅसेट आहे. हसू नका, मित्रांनो! माझा कोपरा उडालाय, वरचा कागद अर्धा निघालाय, पण एक फुंकर मारली की मी अजून ठणठणीत चालते.

कारखान्यातून निघाले ती एका घरी आले. तिथल्या दोन बहिणींनी माझ्यापायी ताटातलं अन्न गार केलं आणि आईची बोलणी खाल्ली. पुढे नवे चकचकीत खेळ आले आणि मी माळ्यावर गेले. धूळ खात पडण्यासारखं दुःख नाही. पण धाकटी मोठी होऊन दातांची डॉक्टर झाली आणि तिने मला दवाखान्यातल्या बाकांसमोरच्या टीव्हीला जोडलं. रडत येणारी मुलं मला पाहून गप्प बसायची. मला तर आभाळ ठेंगणं झालं!

एक दिवस एक आई तणतणली, "अहो डॉक्टर, नुसती ठोकाठोकी! लहान मुलांना हे दाखवायचं?"

खोटं कशाला बोलू? माझ्यातले दोन बुटके वीर राक्षसांना सोट्याने बडवतात. डॉक्टर म्हणाली, "ताई, तुमचीच मुलगी खेळतेय. जरा बसून बघा. नको म्हणालात, तर आजच काढून टाकते."

म्हणजे पुन्हा माळा!

एक जॉयस्टिक त्या चिमुरडीकडे होती, दुसरी गाल सुजलेल्या एका दांडगोबाकडे. दांडगोबा सुसाट सुटला आणि पडद्याच्या कडेला अडला. माझी रीतच तशी आहे. मागचा आल्याशिवाय माझं चित्र पुढे सरकत नाही.

"अगं, ये ना लवकर!" तो खेकसला.

"मला उडी जमत नाही."

त्याने चरफडत सगळी बटणं दाबून पाहिली. शेवटी मागे वळला. "हे बघ, आधी पळ, मग हे दाब. पडलीस तर मी आहे."

दोघं खेळातल्या पुलाशी पोचली आणि आतून डॉक्टरने त्याला हाक मारली. त्याचा चेहरा एवढासा झाला.

"जा तू," चिमुरडी म्हणाली. "तुझ्या माणसाला मी सांभाळते."

आत यंत्र घरघरू लागलं. बाहेर राक्षस चालून आले. चिमुरडी दोघांच्या वाटचं लढत होती.

"अगं, मागून आला! मागून! बडव त्याला!"

ही आरोळी आईचीच होती, बरं का! अख्खा दवाखाना हसला. ती लाजली, पण नजर काही पडद्यावरून हलेना.

दांडगोबा तोंडात कापूस घेऊन बाहेर आला. बोलता येत नव्हतं. आपला वीर धडधाकट पाहून त्याचे डोळे हसले. दोघांनी मिळून पूल ओलांडला.

"मग ताई, काढू का?" डॉक्टरने विचारलं.

"आवाज जरा कमी करा," आई म्हणाली. "आणि एकट्याला नका देऊ. दोघांना बसवा."

मित्रांनो, जुन्या खेळाची पारख करायची, तर लांबून नाक मुरडू नका, शेजारी येऊन बसा. मला धुळीपासून जपा आणि दुसरी जॉयस्टिक कोणाच्या तरी हातात द्या. मी अजून त्याच टीव्हीला जोडलेली आहे. मागे राहिलेल्याला टाकून आजवर एकालाही मी पुढे जाऊ दिलेलं नाही.