कपाटातला कीबोर्ड

रोहिदास कुंभिवलीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला होता. मशीन बंद पडलं की आधी कुणी हात लावला ते शोधायचं, बिघाड मागाहून, ही रीत त्याच्या इतकी अंगवळणी पडली होती की घरात भाजी खारट झाली तरी तो भाजीकडे नाही, बायकोकडे बघे.

त्याच्या जुन्या लॅपटॉपवर लिनक्स होतं. टचपॅड अधूनमधून अडकू लागला तेव्हा त्याने इंटरप्टची यादी उघडली. कीबोर्ड, टचपॅड, वायफाय यांनी प्रोसेसरला किती वेळा हाक मारली त्याचे आकडे; कळ दाबली की कीबोर्डचा आकडा वाढायचा. कीबोर्ड आणि टचपॅडच्या हाका एकमेकींत अडकत असाव्यात, असा त्याचा कयास. लॅपटॉप चालूच ठेवून, कीबोर्डचा आकडा टिपून तो कामाला गेला. परतला तर आकडा चार हजारांनी वाढलेला.

"लॅपटॉपला हात लावलास का गं?"

"नाय," वनिता म्हणाली आणि मान खाली घालून भाकरी थापत राहिली.

ती खाली घातलेली मानच त्याला सलू लागली. आठवडाभर तोच प्रश्न, तेच उत्तर आणि त्याच्या माघारी वाढलेला आकडा. ही कुणाला लिहिते? शेवटी नको ते तो बोलून बसला आणि वनिता पिशवी भरून लोधिवलीला माहेरी निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. त्याने स्क्रू काढून कीबोर्डच सोडवला, कपाटात ठेवला आणि माऊस जोडून लॅपटॉप चालू केला. कीबोर्डचा आकडा नऊवर थांबला. दुपारी तीनला तो हलला. अकरा, तेरा, वीस. मध्येच थबकत, पुन्हा धावत, कुणी आठवून आठवून लिहावं तसा.

रोहिदासला भीती वाटली नाही, लाज वाटली. ती खरं बोलत होती. रेंजसाठी खिडकीशी जाऊन त्याने फोन लावला.

"चुकलो गं. मशीनचाच बिघाड हाय. ये घरी."

"मला वाटलं, तुमची नोकरी गेली, लपवताय. म्हणून गप बसले."

"नोकरी? का?"

"रोज तीनला येऊन बसायचे ना तुमी लॅपटॉपपुढं, पाठमोरे. चहा ठेवला तरी वळायचे नाय. आन् संध्याकाळी मलाच विचारायचे, हात लावलास का."

रोहिदासने वळून टेबलाकडे पाहिलं. खुर्ची रिकामीच होती. मघापासून धावणारा आकडा मात्र थांबला होता.