बघतो म्हणणारे साहेब

तीन तऱ्हेच्या नोकऱ्या केलेला माणूस घरात तीन दिवस राहिला, तर त्याला काही न विचारता सोडणारी मी नव्हे. नागावात मला सगळे चोंबडी म्हणतात. म्हणोत.

अजेय साहेब सहलींच्या कंपनीचे मोठे अधिकारी. आमचं घर कंपनीच्या यादीत घ्यायचं की नाही, ते ठरवायला आले होते. यादीत आलं तर वाडीतल्या चारही खोल्या वर्षभर भरलेल्या, आणि माझा साहिल घरात. नाही आलं तर तो पुन्हा न्हावा शेव्याला, कंटेनरच्या कामावर. सहा वर्षं तिथे काढलेल्या पोराला गेल्या दिवाळीत मीच हट्टाने परत आणलं होतं. मला तो डोळ्यांसमोर हवा होता, बस्स.

साहेबांनी गाद्या दाबून पाहिल्या, नळ सोडून पाहिले, पण तोंडातून अवाक्षर नाही. आधी विद्यापीठात उपकुलसचिव, मग कबड्डीच्या संघाचे व्यवस्थापक, आता सहली, एवढं मी पहिल्याच दिवशी काढून घेतलं होतं. हा माणूस एका जागी टिकत का नाही? तापट म्हणावं तर घावनं मुकाट खातो. आळशी म्हणावं तर स्वतःची बशी विसळून ठेवतो. मला काही उलगडा होईना.

तिसऱ्या दिवशी सकाळी राहवेना. "साहेब, घेताय ना आमचं घर?"

"बघतो," ते म्हणाले आणि मागच्या अंगणात निघून गेले.

झालं! तलाठी, बँक, ग्रामपंचायत, सगळीकडे 'बघतो' ऐकून ऐकून माझे केस पिकले. बघतो म्हणजे नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मी तरातरा साहिलच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "नाही म्हणाला रे मेला." त्याने तिथल्या तिथे न्हावा शेव्याला फोन लावला आणि सोमवारपासून येतो म्हणून सांगून टाकलं.

आता भीड कशाला ठेवायची? साहेब परत येऊन जेवणाच्या टेबलाशी बसले, तसं मी घावन त्यांच्या ताटात आपटलं. "इतक्या नोकऱ्या का हो बदलल्यात? कुणी हाकललं की काय?"

साहेब चक्क हसले. "विद्यापीठात एकोणीस वर्षं कुणी सरळ हो म्हणेना की नाही म्हणेना. प्रत्येक फाईल आपली विचाराधीन. म्हटलं, हो किंवा नाही असं काम शोधावं. कबड्डीत गडी बाद असतो किंवा नसतो. पण संघ निवडायला समिती बसली की तिथेही तेच. सहलीची बस मात्र सहाला सुटते म्हणजे सुटते."

"मग तुम्ही स्वतः 'बघतो' कशाला म्हणालात?"

"पाण्याची टाकी बघायची राहिली होती. आत्ता बघून आलो. स्वच्छ आहे. घेतलं तुमचं घर."

"अहो, मग नाही म्हणायचं असलं की काय म्हणता?"

"नाही म्हणतो."

अगं बाई! असलाही माणूस असतो जगात? मी धावतच साहिलकडे गेले. "अरे, घेतलं आपलं घर! फोन कर परत, नाही येत म्हणून सांग!"

साहिल गुणगुणत बॅग भरत होता. माझं ऐकलं आणि त्याचा चेहरा असा पडला, की मी दारातच थबकले. तो निमूट शर्ट बॅगेतून बाहेर काढायला लागला. दिवाळीपासून या पोराला मी एकदाही गुणगुणताना ऐकलं नव्हतं, ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं.

"राहू दे ते शर्ट बॅगेत," मी म्हटलं.

"आई, पण इथलं सगळं..."

"मला काय हात नाहीत? जा तू."

रडू येत होतं, पण त्याच्यासमोर रडायचं नव्हतं. ओटीवर आले. साहेब अर्ज भरत होते. घर चालवणार कोण, त्या रकान्यात साहिलचं नाव लिहून झालं होतं.

"ते खोडा," मी म्हटलं. "माझं नाव लिहा, अनुसूया. आणि लवकर लिहा, नाहीतर मीच मागे फिरेन."