राक्षस थांबतो

हेडफोनच्या डाव्या गादीचं कातडं सुटायला लागलं होतं. काळे पापुद्रे — कानावरून काढलं की एखाददुसरा गालाला चिकटून राहायचा आणि घरी गेल्यावर आरशात तिळासारखा दिसायचा. तिने नखाने एक सोलला. मग दुसरा. सोलायचं नाही असं ठरवलं की नख नेमकं तिथेच जातं... काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट काहीतरी जुळवत होता, शेजारी दिग्दर्शक चहा पीत होता, आणि जाड काचेमुळे दोघांची तोंडं नुसती हलत होती. तिला त्याचं काही वाटत नसे. तिचं निम्मं आयुष्य यातच गेलं होतं: लोकांचे हलणारे ओठ बघायचे आणि त्यांत आपला आवाज बसवायचा.

पडद्यावर कंदीलवाली मुलगी थांबवून ठेवलेली होती. वय बारा. मालिका सुरू झाली तेव्हाही, अकरा वर्षांपूर्वी, बाराच. त्या मुलीचा आवाज म्हणजे ती — सत्तेचाळीस वर्षांची, गुडघ्याला पट्टा बांधून उभी राहणारी बाई, जिला स्टुडिओत सगळे चिमणी म्हणतात. दूरच्या देशातली अ‍ॅनिमे, म्हणजे हलत्या चित्रांची मालिका, इथे आपल्या भाषेत डब होते. दर भागात राक्षस येतो, मुलगी कंदील उंच धरते, ‘ये, उजेडा’ अशी हाक मारते, आणि गिरकी घेता घेता तिचा गणवेश जाऊन चमचमता झगा येतो. अर्धं मिनिट चालतं ते. तेवढा वेळ राक्षस थांबतो. निमूट, तोंड उघडं ठेवून. बाईचं आवरून होईपर्यंत चकार शब्द न काढता थांबणारा असा गृहस्थ मला कुठे मिळाला नाही, असं ती पूर्वी म्हणायची आणि सगळे हसायचे. हल्ली तिला त्या विनोदाचाही कंटाळा आला होता.

गिरकीची चित्रं दर भागात तीच असतात. मूळ मालिका करणारेच ती एकदा काढून पुन्हा पुन्हा वापरतात, तेवढीच मेहनत वाचते. मग इथे तरी हाक दर वेळी कोण बोलणार? ती पहिल्या वर्षीच बोलून ठेवलेली. रेकॉर्डिस्ट साठवणीतून उचलतो, जागेवर ठेवतो, झालं काम. म्हणजे मी ती हाक फक्त एकदाच मारली आहे... आणि तीही माझी नव्हेच. लेक तेव्हा बारा वर्षांची, शेजारच्या अर्धवट बांधलेल्या भिंतीवर चढून बसली होती, आणि मी खाली कपडे वाळत घालत होते, आणि तिने वरून ‘आई, बघ’ म्हणून जी हाक दिली — त्यातल्या ‘आई’चा ताणलेला सूर, पडण्याची जराही भीती नसलेला — तो मी तसाच्या तसा उचलून दुसऱ्या दिवशी या खोलीत आणून ठेवला. लेकीला कधी कळलं नाही. आता ती दुसऱ्या गावात नोकरी करते, फोनवर जाड, शहाण्या आवाजात विचारते, “आई, घसा काय म्हणतोय?” घसा काय म्हणणार. ठीक आहे म्हणतो.

घसा ठीक नव्हता. घशाच्या डॉक्टरांनी नळी घालून बघितलं होतं आणि पडद्यावर तिला तिचेच स्वरतंतू दाखवले होते, दोन पांढुरक्या पट्ट्या आणि त्यांवर बारीक गाठी. “वापर फार झालाय. थोडे दिवस आवाज ठेवून द्या,” ते म्हणाले होते, कपाटात ठेवून द्यायची वस्तू असल्यासारखं. वरचा सूर गेला होता. कंदीलवाल्या मुलीचं साधं बोलणं, चिडणं, रडणं अजून जमत होतं, उंच हाक जमत नव्हती. घरी उशीत तोंड खुपसून तिने करून पाहिलं होतं. नुसती हवा यायची. हे इथे कुणाला माहीत नव्हतं, आणि माहीत होण्याचं कारणही नव्हतं, कारण हाक साठवणीत होती. दिग्दर्शकाच्या फोनमध्ये विशीतल्या चारपाच मुलींच्या आवाजाचे नमुने होते, तेही तिला ठाऊक होतं. ती साठवलेली हाक आहे तोवर चिमणीला बदलायची सोय नव्हती म्हणून ते तिथे पडून होते.

काचेचं दार उघडून भाषांतर करणारा आत आला. त्याला स्टुडिओत शंकासुर म्हणत, कारण सरळ वाक्यालाही तो आडवा जायचा. मागोमाग चहाचा कप घेऊन दिग्दर्शक.

“दादा, या भागात जुनी हाक टाकू नका,” शंकासुर म्हणाला. “चित्रं तीच आहेत, पण मूळ आवाज वेगळा आहे. ऐका तरी.”

“ऐकला. जरा बसलाय, सर्दी झाली असेल तिकडच्या बाईला,” दिग्दर्शक म्हणाला. “हे बघ, डिकन्स्ट्रक्शन-बिकन्स्ट्रक्शन, जुनी गोष्ट उसवून दाखवणं, तू सकाळपासून ऐकवतोयस. अरे, कुणी मेलंय का या भागात? रक्त आहे? मुलगी वेडी होते? काहीच नाही. मग कसलं डोंबलाचं?”

“माणसं मारली की झालं असं लोकांना वाटतं. दहा जणांना मारा आणि राक्षसाला तसंच थांबवून ठेवा, मग गोष्ट जुनीच राहिली ना? इथे मुलगी झगा घालून उभी राहते आणि त्याला विचारते, तू दर वेळी का थांबतोस? तो काय म्हणतो?”

“तुझं झाल्याशिवाय मला सुरू होता येत नाही,” दिग्दर्शक कंटाळून म्हणाला. त्याला संवाद पाठ असतात.

“तेच. हा प्रश्न आजवर कुणी विचारला नव्हता. आणि तो तिला सुचतो ते या हाकेमुळे. हाक मारतानाच ती दमलेली आहे. जुनी टाकलीत तर प्रश्न हवेतून पडेल.”

ती ऐकत होती, नख पापुद्र्यावर. तिची आई जुने फ्रॉक उसवायची, ते आठवलं. फाडायची नाही. बसून, एकेक टाका सुईच्या टोकाने उचलून, आणि सगळे तुकडे सतरंजीवर मांडायची तेव्हा दिसायचं की जो भाग बाहेरून नुसता फुगीर वाटत होता त्याच्या आत किती चुण्या दाबून भरल्या होत्या. शंकासुर बडबड्या असला तरी बरोबर होता. तिने सकाळी मूळ आवाज ऐकला तेव्हाच तिला कळलं होतं. हाकेच्या आधी एक श्वास होता, जुन्या हाकेत नसलेला. मग ‘ये’ निघाला आणि मध्येच चिरला. दुरुस्त न करता तसाच ठेवलेला. मूळ आवाज देणारी ती तिकडची बाई — तिचंही वय झालं असेल का, तिलाही कुणी नळी घालून दोन पट्ट्या दाखवल्या असतील, आणि मग करणाऱ्यांनी तिच्यासाठी हा भाग लिहिला? की तो निव्वळ अभिनय... हे कधी कळणार नव्हतं.

“ताई, तुम्हीच सांगा,” दिग्दर्शक तिच्याकडे वळला. “नवी हाक लागेल का? तुम्ही नाही म्हणालात तर विषय संपला.”

नाही म्हणायचं होतं. एवढं सोपं होतं — मान हलवायची, रेकॉर्डिस्ट उचलणार, ठेवणार, आणि उद्या पुन्हा चिमणी. तिला स्वतःच्या तोंडाचा राग आला, कारण ते आधीच उघडलं होतं.

“लागेल,” ती म्हणाली.

दोघे बाहेर गेले. लाल दिवा लागला. मुलीने कंदील उचलला. माइकसमोर तिने श्वास घेतला, आणि श्वास घेताना भीती वाटली, सरळसरळ. ‘ये’ वर चढायला निघाला, अर्ध्यावर फाटला, ‘उजेडा’ जेमतेम पोचला. काहीही करावं लागलं नाही. पडद्यावरचे ओठ आणि आवाज एकदम मिटले.

काचेपलीकडे दोघांची तोंडं हलायची थांबली होती. मग दिग्दर्शकाने बटण दाबलं, आणि कानात त्याचा आवाज आला, खराखुरा हेलावलेला. “ताई... अंगावर काटा आला. कसं केलंत हो? शंकासुर रडतोय इथे.”

तिला हसू आलं. बरंही वाटलं, ते नाकारण्यात अर्थ नव्हता. इतक्या वर्षांत तिला कुणी ‘कसं केलंत’ असं विचारलं नव्हतं.

“आणि उभ्याच आहात तर,” तो पुढे म्हणाला, “जुनी हाकही एकदा साफ घेऊन ठेवू. साठवणीतली फार खरखरते, पुढच्या भागांना लागेलच. नेहमीसारखी, वरच्या सुरात. अर्ध्या मिनिटाचं काम.”

लाल दिवा पुन्हा लागला. पडद्यावर मुलगी कंदील धरून, गिरकीच्या आधीच्या चित्रात. तिच्यासमोर राक्षस, तोंड उघडं. काचेपलीकडे दिग्दर्शक, हात वर केलेला, इशाऱ्यासाठी. सगळे थांबलेले. नेहमी अशा वेळी तिला घाई होत असे, आपल्यामुळे कुणाचा खोळंबा नको म्हणून ती चहासुद्धा अर्धा टाकून उभी राहायची, आणि गेली कित्येक वर्षं आत मनात जे काही बोललं जायचं — हे उरक, ते उरक, चल लवकर — तेही बारा वर्षांच्या चुरचुरीत आवाजातच बोललं जायचं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं, कारण तो आवाज आत्ता आत नव्हता. आत शांत होतं. भिंतीवरून ‘आई, बघ’ म्हणणारी लेक केव्हाच खाली उतरून गेली होती आणि तिची हाक तेवढी मी धरून बसले होते.

माझं झाल्याशिवाय त्यांना सुरू होता येत नाही.

“ताई, रेडी?” कानात आलं.

तिने गालावरचा पापुद्रा बोटाने काढला आणि बघितला. घसा दुखत होता. सूर येणार नाही हे तिला माहीत होतं, आणि दिग्दर्शकाने हात खाली आणला की त्यालाही माहीत होणार होतं. पण ती उत्तर द्यायला वळली नाही. थांबू दे त्यांना, मी म्हटलं — मनात, जाड, बसक्या, माझ्याच आवाजात.