बेल-भंडाऱ्याचे भाऊ

चिकलठाण्याच्या विमानतळाबाहेर मल्हारी तासभर आधीच गाडी लावून उभा होता. दरवर्षी जानेवारीत त्याचे दोन पाहुणे इथं उतरत, एक अमेरिकेचा डेल आणि दुसरा डेन्मार्कचा येन्स. जन्मभर परदेशी माणसांना वेरूळ दाखवून मल्हारीचं इंग्रजी पोटापुरतं झालं होतं, पण या दोघांना तो गिऱ्हाईक म्हणत नसे. आमचे भाऊ येणारेत, असं तो टॅक्सी स्टँडवर ऐटीत सांगे आणि बाकीचे ड्रायव्हर गालातल्या गालात हसत. हसू द्यावं. ज्याच्या बापानं हयातभर मेंढरं राखली त्याला सातासमुद्रापलीकडचे भाऊ मिळाले, तर चार लोकांच्या पोटात दुखणारच.

दोघं अफगाणिस्तानच्या लढाईत एकाच तळावर होते. डेलची गाडी सुरुंगावर गेली तेव्हा त्याला ओढून काढायला येन्स धावला, आणि दुसऱ्या सुरुंगानं येन्सचा डावा पाय गुडघ्याखाली तोडून नेला. तेव्हापासून कुठंही गेले तरी गाडीची पुढची सीट डेल स्वतः मागं सरकवी, येन्सच्या नकली पायाला जागा करून देई आणि मग आपण मागं बसे. मल्हारीनं एकदा ते करायला हात पुढं केला, तर डेलनं तो हळूच बाजूला केला होता.

ही पायाची गोष्ट मल्हारीनं पहिल्यांदा ऐकली ती स्वतःच्या ओसरीवर, हुरडा खाताना. ऐकून त्याच्या अंगावर काटा आला. तो उठला, देव्हाऱ्यातला भंडारा आणला, घृष्णेश्वराचं बेलाचं पान आणलं आणि दोघांना समजावलं की आमच्यात एका आईच्या पोटी न जन्मलेली माणसं अशी भाऊ होतात. दोघांनी तळहातावर बेल-भंडारा घेऊन शपथ घेतली, की तुझ्यावर जो चालून येईल तो माझ्यावर चालून आला. डेल हसून म्हणाला होता की आमच्या देशांनी मिळून अगदी असाच करार फार पूर्वी केलाय, फक्त त्यात हळद घालायची राहून गेली. त्या दिवसापासून मल्हारीची बायको सारजाबाई डेलला थोरले भावजी आणि येन्सला धाकटे भावजी म्हणू लागली, आणि दोघांना एका ताटात वाढू लागली.

यंदा दारातून एकटा येन्स बाहेर आला. मल्हारीनं त्याच्या खांद्यावरून मागं पाहिलं, मग आणखी मागं पाहिलं. डेल नाही आला, येन्स म्हणाला, आणि गाडीजवळ येऊन नुसता उभा राहिला. तो कशासाठी थांबलाय हे मल्हारीला जरा उशिरा कळलं. त्यानं दार उघडून पुढची सीट मागं सरकवली.

छावणीतून जाताना जवानांची एक तुकडी दौड करत निघाली होती. येन्स मान वळवून त्यांच्याकडं बघत राहिला आणि मग आपणहून बोलू लागला. ग्रीनलँड नावाचा बर्फाचा मोठा मुलूख आहे, डेन्मार्कच्या राज्यातला. तो आम्हाला पाहिजे, असं अमेरिकेतली मोठी माणसं उघड म्हणत होती. वर असंही म्हणाली, की लढाईत मदतीला आलेली परक्या देशांची पोरं आघाडीपासून लांब मागंच राहायची. हे सांगताना येन्सचा हात नकळत नकली पायावर गेला. मल्हारीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

येन्सचा मुलगा एमिल डेन्मार्कच्या फौजेत होता, आणि या हिवाळ्यात त्याची तुकडी ग्रीनलँडला पाठवली होती. येन्सनं डेलला फोन केला होता. उद्या तुमची माणसं आलीच, तर समोर माझा एमिल असेल, तेव्हा तू काय करशील, असं विचारलं होतं. डेल गप्प बसला. बराच वेळ गप्प बसला आणि मग त्यानं फोन ठेवला. त्यानंतर दोघांपैकी कुणीच कुणाला फोन केला नव्हता.

दौलताबाद मागं पडलं तसं मल्हारीनं विचारलं, की तुमची राखण तुम्हीच का नाही केली इतकी वर्षं? येन्स कसनुसा हसला. म्हणाला, ऐंशी वर्षं सगळा युरोप त्यांच्या भरवशावर झोपला. आमची विमानं त्यांची, विमानांचे सुटे भाग त्यांचे. आता सगळे खडबडून जागे झालेत, कारखाने घालतायत, पोरांना फौजेत बोलावतायत. पण हे काय एका दिवसाचं काम आहे?

त्यावर मल्हारीनं बापाची गोष्ट सांगितली. बापाचा मेंढरांचा वाडा रानात बसे तेव्हा शेजारच्या वाड्याची कुत्री दोन्हीकडची मेंढरं राखत. एका वर्षी शेजाऱ्याचं डोकं फिरलं आणि तो कुत्री घेऊन दुसऱ्या वाटेनं गेला. बापानं मग पिलं आणली. पिलं भुंकायला लगेच शिकली, पण भुंकतंय ते पिलू हाय का कुत्रं, हे लांडग्याला बरोबर कळतं. ती मोठी होईस्तोवर बापानं स्वतः जागून मेंढरं राखली.

"आम्ही आता तेच करतोय," येन्स म्हणाला. मग काचेतून घाटाकडं बघत त्यानं विचारलं, "पण मल्हारी, शेजारीच मेंढरू मागायला लागला तर?"

याचं उत्तर बापाच्या गोष्टीत नव्हतं. घाट उतरून गाडी वेरूळच्या शिवेवरल्या घरी आली.

सारजाबाईनं नेहमीसारखं एकच मोठं ताट घासूनपुसून ठेवलं होतं. थोरले भावजी कुठंयत, असं तिनं विचारलं आणि दोघांचे चेहरे बघून ताट परत आत नेलं. पुढचे दोन दिवस येन्स ओसरीवर बसून असायचा. वेरूळची लेणी बघायला चला म्हटलं तर पाय दुखतोय म्हणायचा. हुरडा पानात तसाच राहायचा. मल्हारीला ते बघवेना. भाऊ-भाऊ भांडले की त्यांना देवापुढं बसवायचं, भंडारा मधे ठेवायचा आणि खरं बोलायला लावायचं, ही त्याच्या वाडवडलांची रीत होती. तिथं भल्याभल्यांना पाझर फुटलेला त्यानं पाहिला होता. त्यानं चुलीपाशी जाऊन बायकोला बेत सांगितला.

"त्यांचं ते बगतील," सारजाबाई भाकरी थापत म्हणाली. "तुमी कामून मधी पडता?"

"भंडारा म्या दिलाय. साक्षीदार मीच हाय."

तिनं मान हलवली आणि पुढची भाकरी थापायला घेतली.

रविवारी दिवेलागणीला मल्हारीनं येन्सला देव्हाऱ्यापुढं बसवलं, फोन समईला टेकवून उभा केला आणि डेलला लावला. तिकडं नुकतं उजाडत होतं. डेल दाढी वाढलेला, कप हातात घेऊन स्वयंपाकघरात उभा होता. येन्सला पाहताच त्यानं कप खाली ठेवला. मग डेलनं विचारलं, थंडीत पाय दुखतोय का? येन्स म्हणाला, इथल्या थंडीत नाही दुखत. दोघंही ओळखीचं हसले.

इथं थांबला असता तर मल्हारी शहाणा ठरला असता. पण त्या हसण्यानं त्याला भरतं आलं. आता एक घाव दोन तुकडे करून टाकू, असं त्याला वाटलं. त्यानं भंडाऱ्याची वाटी फोनपुढं सरकवली.

"डेलभाऊ, भंडारा उचललाय तुमी. याच्या लेकावर तुमची माणसं चालून आली तर तुमी याच्या बाजूनं उभं राहाल का नाय? देवापुढं सांगा."

डेलच्या तोंडावरचं हसू मावळलं. त्यानं वाटीकडं पाहिलं, मग येन्सकडं पाहिलं.

"तुझ्या देवापुढं मी खोटं बोलणार नाही, मल्हारी," तो म्हणाला. "माझाही मुलगा आता फौजेत आहे. त्याला हुकूम आला तर तो जाईल. मी त्याच्याविरुद्ध उभा राहू शकणार नाही."

डेल गप्प होता तोवर त्या गप्प राहण्यात जागा होती. येन्स तीत आशा धरून होता, म्हणून तर तो एवढ्या लांब आला होता. ती जागा मल्हारीनं आपल्या हातानं बुजवली होती.

येन्सनं मान खाली घातली. मग त्यानं विचारलं, तुमच्यात ही शपथ सोडवतात कशी? मल्हारीला सांगवेना. शेवटी दारात उभ्या सारजाबाईनंच खुणांनी आणि मोडक्या शब्दांनी सांगितलं, की ज्याच्यासाठी शपथ घेतली त्यानं 'सुटली' म्हटलं की दुसरा मोकळा होतो. येन्सनं तो शब्द तोंडातल्या तोंडात दोनदा घोळवला. मग फोनकडं बघून म्हणाला, "डेल, सुटली."

डेलनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं. थोड्या वेळानं तोच म्हणाला, की मग येन्सलाही मोकळं करायला पाहिजे, तो शब्द कसा म्हणायचा ते मलाही सांगा. सारजाबाई सांगणार, तोच येन्सनं हात वर केला.

"नको," तो म्हणाला. "माझी राहू दे माझ्याकडं."

फोन तिकडून बंद झाला. सारजाबाई डोळ्याला पदर लावून आत गेली, आणि मल्हारी वाटीतल्या भंडाऱ्याकडं बघत बसून राहिला. आपण माणसं जोडायला गेलो आणि होतं तेही तोडून बसलो, याचं त्याला इतकं वाईट वाटलं, की येन्सच्या तोंडाकडं बघायची त्याची छाती झाली नाही.

येन्स अजून आठवडाभर राहणार होता, पण दुसऱ्याच दिवशी निघाला. मल्हारीनं विमानतळावर त्याची बॅग उतरवली आणि माझं चुकलं म्हणाला. येन्सनं त्याला मिठी मारली. म्हणाला, तू खरं तेच विचारलंस, आम्हालाच ते ऐकायचं नव्हतं. मग तो लंगडत आत गेला आणि दारातून वळून हात हलवला.

मल्हारी गाडीत येऊन बसला, तर फोनवर डेलचा निरोप आलेला होता. तो त्यानं एकेक शब्द लावत वाचला. येन्सला सोडलंस का, असं डेलनं विचारलं होतं. खाली लिहिलं होतं, त्याची सीट मागं सरकवली होतीस ना?

मल्हारीनं सरकवली म्हणून कळवलं. मग शेजारच्या रिकाम्या सीटवर हात ठेवून तो त्या भर उन्हात रडत बसला.