सिस्टरचा बाक

आमच्या मालकाला बाईच्या हातचं समदं चालतं. सैपाक चालतो, धुणं चालतं, रातच्याला पाय चेपलेले तर लईच चालतेत. बाईच्या हातचं औषध तेवढं चालत न्हाई.

हिंगोलीकडल्या गोरेगावातून जीपनं थोडं आत आलं की आमचं गाव लागतं. मागं सरकारनं इथल्या उपकेंद्राला रंग दिला, नवी पाटी ठोकली आन् सृष्टी नावाची नर्स पाठवली. साधी सुई टोचणारी न्हाई. बीपी तपासायचा, शुगर पाहायची, गोळ्या द्यायच्या, अडलं तर गोरेगावच्या डॉक्टरला फोन लावायचा, हे समदं तिच्याकडं. मालकाच्या पोटात दुखायला तेवढं बास झालं. पारावर बसून रोज तेच. "ती काय डॉक्टर हाये का? नर्स हाये, नर्स." बाकीचे रिकामटेकडे माना डोलवायचे. जसे काय हे समदे मोठाले सर्जनच लागून गेले.

माह्यं डोकं रोज सकाळी ठणकायचं. माह्या मायचा जीव लकव्यानं गेला. तिचं वाकडं तोंड, गळणारी लाळ, मीच पुसली वर्षानुवर्षं. तीच गत माही व्हईल म्हून मी भ्याले आन् सिस्टरच्या बाकावर जाऊन बसले. तिनं दंडाला पट्टा बांधला, बीपी लई निघाला. रोज एक गोळी, एकबी चुकवायची न्हाई, असं तिनं बजावलं. महिन्याच्या गोळ्या दिल्या. मी पाकिटं लाल दोऱ्यानं बांधली आन् देवघरातल्या फळीवर ठेवली.

पण गोळ्या काही महिना टिकंनात. अर्धा महिना सरला की पाकिटं रिकामी. मला वाटलं पोरगी कमीच देते, मधल्या मधी खाते. तिला वाटलं मावशी गोळ्या खातच न्हाई. महिन्याअखेर बीपी पुन्हा चढलेला. तिनं मला बाकावरच्या समद्या बायांसमोर झाडलं. मी म्हणलं, मी खाते बाई. तिनं ऐकलंच न्हाई. दुसऱ्याचं ऐकून न घेण्यात ती बराबर डॉक्टरच व्हती. ऐकायचं सोडून तिनं गोळी वाढवली, आधीच्यापेक्षा जबर दिली. तीबी तशीच अर्ध्या महिन्यात सरली.

मंग मालकानं ग्रामसभेत विषय आणला. सिस्टर हलवा, गावाला डॉक्टर द्या, न्हाईतर केंद्राला कुलूप लावू. कुलूप लागलं म्हंजी माह्यं काय? गोळीसाठी दर खेपेला गोरेगाव, मालकाच्या पुढं हात पसरून. "तुह्यं डोकं काय फुटून नाही राहिलं," असं ते म्हणणार हे मला ठाऊक व्हतं. म्हून मी बायांच्या घोळक्यात जाऊन बसले. सृष्टीलाबी बोलावलं व्हतं. ती कोपऱ्यात खाली मान घालून उभी.

मालक उठले. धुतलेलं धोतर, आत बंडी, वर कडक सदरा. सकाळपून मोठ्या डौलात व्हते. आपल्या गावाची इज्जत, बाप्याच्या जातीनं पोरीपुढं दंड उघडा करायचा का, असं लई काय काय बोलले. बोलता बोलता थांबले. भिताड धरायला हात लांबवला, तो भिताडापर्यंत पोचलाच न्हाई. मालक धाडकन खाली.

पारावरचे समदे शहाणे आधी मागं सरले. पुढं आली ती सृष्टी. तिनं मालकाचे पाय खुर्चीवर टेकवले, पट्टा बांधला, बीपी पार खाली गेलेला. आधी अँबुलन्सला फोन लावला, मंग इचारलं, काका, कोणती गोळी घेता का? मालक डोळे मिटूनच म्हणाले, कायबी न्हाई. तिनं सदरा उघडला, बंडीचे बंद सोडले. आतल्या खिशातून पाकीट पडलं. त्याला लाल दोरा व्हता.

माह्या डोळ्यापुढं अंधारीच आली. ह्यांनी हिंगोलीला चोरून बीपी तपासून घेतला व्हता, तिथल्या डॉक्टरनं रोजची गोळी सांगितली, आन् ती घरातच फळीवर दिसली. हे मला नंतर कळलं. भाषणात बीपी चढू नये म्हून त्या दिशी त्या जबर गोळ्या दोन-दोन गिळल्या व्हत्या. असला हुशार माणूस.

मी समद्या गावासमोर म्हणलं, "सिस्टर, ह्या माह्या गोळ्या हायेत. मला लकवा मारला असता तर ह्यांना चाललं असतं. फकस्त ह्यांना तुमच्या बाकावर कोणी पाहायला नको व्हतं."

सृष्टीनं पाकीट उचललं, माह्याकडं पाहिलं आन् हळूच म्हणाली, "मावशी, चुकलं माझं. मी तुमचं ऐकायला पाहिजे होतं." मंग तिथंच माह्या दंडाला पट्टा बांधला. काटा पाहून तिचा चेहराच उतरला. गोरेगावच्या डॉक्टरला फोन लावला, माह्ये दोन्ही हात वर करायला लावले. डावा हात आपोआप खाली येऊन राहिला व्हता. मलाबी तवाच कळलं.

अँबुलन्स आली तवर मालक पाणी पिऊन उठून बसले व्हते. गाडी बोलावली व्हती त्यांच्यासाठी, चढवलं मला. सिस्टरनं मालकाला सांगितलं, सांजपर्यंत केंद्रात माझ्यासमोर बाकावर बसायचं, घडीघडी बीपी पाहावा लागेल. पारावरचे समदे ऐकून राहिले व्हते.

मालक लेकरासारखं तोंड करून गाडीच्या दारापाशी आले. मला वाटलं इचारतेन, तुह्या हाताला काय झालं.

"तू चालली," ते म्हणाले, "मंग मला कोण पाहीन?"

माही जीभ जड व्हऊन राहिली व्हती. तरी तेवढं नीट बोलले.

"ती हाये की," मी म्हणलं. "नर्स."